रामदासपेठेतील हार्मोन क्लिनिक : ॲड्रिनलची गाठ ओळखणारी तपासणी

नागपूरच्या रामदासपेठेतील एका जुन्या इमारतीच्या पहिल्या मजल्यावर हार्मोनविकारांचे एक छोटे क्लिनिक आहे. माझ्या थोरल्या भावाच्या ॲड्रिनल ग्रंथीत गाठ असल्याची शंका सर्वप्रथम तिथेच घेतली गेली, म्हणून तिथल्या तपासणीविषयी सविस्तर लिहीत आहे.

दादाचे इतवारीत धान्याचे दुकान आहे. पोते सरकवायला वाकला की त्याच्या छातीत धडधड सुरू होई, डोके ठणकू लागे, सदरा घामाने भिजून जाई आणि पंधरा-वीस मिनिटांत सारे आपोआप शांत होई. मे महिन्यात पारा ४५ अंशांवर जाणाऱ्या आपल्या शहरात घामाची तक्रार कोणी फारशी मनावर घेत नाही. पण दादाला तो जानेवारीच्या पहाटेही फुटत असे. आधीच्या एका डॉक्टरांनी हा मानसिक ताण ठरवून झोपेच्या आणि धडधडीच्या गोळ्या दिल्या होत्या.

इथल्या डॉक्टर मॅडमनी पहिल्याच भेटीत दादाला सलग बोलू दिले आणि मग नेमके प्रश्न विचारले. डोकेदुखी, घाम आणि धडधड एकदमच येतात की वेगवेगळ्या? त्या वेळी चेहरा लाल होतो की पांढरा पडतो? वाकल्यावर, जेवल्यावर किंवा लघवीला गेल्यावर त्रास सुरू होतो का? वहिनीने मोबाइलवर काढलेला व्हिडिओ त्यांनी दोनदा पाहिला. त्यात दादाच्या ओठांभोवतीची त्वचा पांढुरकी पडलेली आणि कपाळावर घामाचे टपोरे थेंब दिसत होते. रक्तदाब त्यांनी स्वतः आडवे झोपवून आणि मग उभे करून मोजला. झोपलेला असताना चढलेला रक्तदाब उभे राहताच बराच उतरला. ग्रंथीच्या आतल्या भागात फिओक्रोमोसायटोमा नावाची गाठ असेल, तर ॲड्रिनलिन आणि नॉरॲड्रिनलिन रक्तात उसळून येतात आणि असे झटके येतात, हे त्यांनी वहिनीला कागदावर मूत्रपिंडे व त्यांच्यावर टोपीसारख्या बसलेल्या ग्रंथी काढून समजावले. ही गाठ दुर्मीळ आहे, धडधडणाऱ्या बहुतेक माणसांना ती नसते, हेही त्यांनी तेवढ्याच स्पष्टपणे सांगितले.

मला सर्वाधिक भावले ते हे की, एका शंकेवर न थांबता त्यांनी या ग्रंथीच्या इतर गाठींची लक्षणेही तपासली. दादाला उकिडवे बसवून हात न टेकता उठायला सांगितले, पोटावर रुंद जांभळे पट्टे आहेत का ते पाहिले, किरकोळ धक्क्याने त्वचेवर काळेनिळे डाग उमटतात का ते विचारले. याच ग्रंथीतले कॉर्टिसॉल हे स्टिरॉइड हार्मोन जास्त झाल्यास मांड्यांची ताकद जाते, चेहरा गोल होतो आणि हातपाय बारीक राहून पोट सुटते. सांधेदुखीवर कुणाकडून नाव नसलेल्या पुड्या घेता का, हा प्रश्नही याच ओघात आला, कारण बाहेरून पोटात गेलेल्या स्टिरॉइडनेही हुबेहूब असेच चित्र तयार होते. पायात गोळे येणे, रात्री वारंवार लघवीला उठणे आणि रक्तातील पोटॅशियम कमी असणे ही अल्डोस्टेरॉन (शरीरातील मीठ-पाणी सांभाळणारे याच ग्रंथीचे हार्मोन) वाढवणाऱ्या गाठीची चिन्हे असतात, मात्र पोटॅशियम सामान्य असले तरी ती गाठ नाही असे म्हणता येत नाही.

चोवीस तासांच्या लघवीतील मेटानेफ्रिन, म्हणजे ॲड्रिनलिन-नॉरॲड्रिनलिनपासून शरीरात बनणारे पदार्थ, मोजण्याची सोय क्लिनिकमार्फतच होते. कॅन देणाऱ्या ताईंनी सकाळची पहिली लघवी टाकून देऊन वेळ लिहायची आणि दुसऱ्या दिवशी त्याच वेळची लघवी कॅनमध्ये धरायची, हे दादाकडून पुन्हा वदवून घेतले. कॅनमध्ये ॲसिड असल्याने त्यात थेट लघवी न करता वेगळ्या भांड्यातून हळूच ओतायला सांगितले. पॅरासिटामॉल घेतली आहे का, याचीही चौकशी झाली, कारण तिने काही पद्धतींच्या निकालात गडबड होते. मेटानेफ्रिन कित्येक पट वाढलेले दिसल्यावरच सीटी स्कॅन सांगितला गेला. हा क्रम योग्य आहे, कारण निरुपद्रवी गाठी अनेकांच्या ॲड्रिनलमध्ये असतात आणि नुसत्या चित्रावरून विनाकारण घबराट होते. दादाची धडधडीची गोळी बीटा ब्लॉकर होती. अशा गाठीत आधी अल्फा ब्लॉकर (रक्तवाहिन्या सैल करणारे औषध) न देता ती दिल्यास रक्तदाब एकाएकी चढू शकतो, म्हणून औषधांचा क्रम त्याच दिवशी बदलला गेला. पुढे दुसऱ्या रुग्णालयात दुर्बिणीतून गाठ काढली गेली. अशा सुमारे एक तृतीयांश रुग्णांत दोष आनुवंशिक असतो, त्यामुळे दादाच्या जनुकीय तपासणीचा सल्लाही मिळाला.

उणिवाही आहेत. लिफ्ट नाही आणि जिना उंच आहे, त्यामुळे गुडघेदुखीच्या रुग्णांचे हाल होतात. दिलेली वेळ सहसा पाळली जात नाही. एकेका रुग्णाला एवढा वेळ द्यायचा तर हे होणारच, पण निदान फोन करून उशीर कळवावा. मेटानेफ्रिनचा नमुना बाहेरगावच्या प्रयोगशाळेत जातो, अहवालास आठवड्याहून अधिक काळ लागतो आणि खर्चही कमी नाही. तपासणीला जाणाऱ्यांनी घरी मोजलेल्या रक्तदाबाची तारीख-वेळेसह नोंद, चालू असलेल्या सर्व गोळ्यांची पाकिटे आणि जमल्यास त्रासाच्या वेळचा व्हिडिओ सोबत न्यावा. जिना चढल्यावर थोडा वेळ बसूनच रक्तदाब मोजायला सांगावा.