सोलरचे पाणी तापेना म्हणून गेलेले ३३,३०० रुपये

आंजर्ल्यात आमच्या घरी पर्यटकांसाठी दोन खोल्या आहेत आणि त्यांच्या आंघोळीच्या पाण्यासाठी २०१४ साली मागच्या स्लॅबवर २०० लिटरचे सोलर बसवलेले आहे. त्याला पंप लागत नाही. सपाट पॅनेलमधील तांब्याच्या नळ्यांत तापलेले पाणी हलके होऊन वरच्या पाइपाने टाकीत चढते आणि टाकीच्या तळचे गार पाणी खालच्या पाइपाने पॅनेलमध्ये उतरते. दिवसभर हे चक्र आपोआप चालू राहते. ३ जून २०२० च्या निसर्ग चक्रीवादळात वरचा पाइप तुटला तेव्हा, घरावर कौलेच उरली नव्हती त्या गडबडीत, मी तो मिळेल त्या प्लॅस्टिकच्या पाइपाने बदलून घेतला होता.

२०२३ च्या डिसेंबरात, ऐन हंगामात, कडक ऊन असूनही नळाला कोमटच पाणी येऊ लागले. विजेच्या खांबावरच्या जाहिरातीतला नंबर पाहून मी एका कारागिराला बोलावले. त्याने पाइपांना हातही न लावता निदान केले, "काका, पॅनेल क्षाराने चोंदलेत, आणि आता पंपाशिवाय पाणी फिरायचं नाही." नळ्या धुण्याचे ६,५०० आणि पंपाचे ११,८०० रुपये त्याने रोख घेतले. पावती मागितली तेव्हा वहीच्या फाडलेल्या पानावर नुसती रक्कम लिहून दिली, आणि पाहुणे यायचे होते म्हणून मीही ते पान घडी करून ठेवून दिले.

त्या दुपारी पाणी खरोखरच कढत आले. मात्र दुसऱ्या दिवशी पहाटे ते पूर्वीपेक्षाही गार होते. कारण आज कळते: त्या पंपाला तापमान पाहून बंद होण्याची सोयच नव्हती, त्यामुळे दिवसा तापलेले पाणी तो रात्रभर उघड्या पॅनेलमधून फिरवून निववत होता. मी फोन केल्यावर तो लगेच आला, टाकीच्या तळाचा व्हॉल्व्ह उघडून त्याने पांढऱ्या मगात तांबूस, गाळयुक्त पाणी धरले आणि मग माझ्या आईसमोर नेऊन म्हणाला, "आजी, टाकी आतून सडली आहे, ऊब धरत नाही." वर्षानुवर्षे न धुतलेल्या कोणत्याही टाकीच्या तळाशी असा गाळ असतो, हे तेव्हा आमच्यापैकी एकालाही सुचले नाही. ज्या बिघाडाला त्याचाच पंप कारण होता, तोच दाखवून त्याने नव्या टाकीसाठी १५,००० रुपये आगाऊ नेले. जुने पॅनेल निकामी असल्याने तेही २,००० रुपयांना उचलून नेतो, असे तो जाता जाता म्हणाला. त्यानंतर त्याचा फोन लागला नाही.

शेवटी आमच्या सुपारीच्या वाडीत पाइपलाइनचे काम करणारे शेजारचे दादा वर चढले. त्यांनी पंप बंद करून भर दुपारी वरच्या पाइपावरून हात फिरवत नेला. पॅनेलजवळ हात ठेववत नव्हता, पण मधल्या क्लॅम्पच्या पुढे पाइप थंडगार होता. "हवा धरलीय," ते म्हणाले, "वाडीतल्या लाइनला होतं तसंच." उन्हाने मऊ पडून प्लॅस्टिकचा पाइप दोन्ही बाजूंना लोंबला होता, क्लॅम्पपाशी त्याला उंचवटा आला होता आणि त्या उंचवट्यात साठलेल्या हवेने पाण्याची वाट अडवली होती. त्यातच टाकीवरची हवा जाण्याची उभी नळी, जी कायम उघडी असायला हवी, तिला टोपण घातलेले सापडले. मे महिन्यात स्लॅबला लेप देताना कोणीतरी ते बसवले असावे. दादांनी पंप काढला, पाइपाचा तेवढा तुकडा बदलला, पॅनेलपासून टाकीपर्यंत सलग चढ ठेवून जागोजागी आधार दिले आणि टोपण काढले. नळीतून बराच वेळ गुडगुड आवाज येत राहिला. सामानासकट खर्च ७४० रुपये झाला.

मी राष्ट्रीय ग्राहक हेल्पलाइनच्या १९१५ या क्रमांकावर तक्रार नोंदवली आहे. जिल्हा ग्राहक आयोगाकडे दोन वर्षांच्या आत जाता येते, परंतु माझ्याकडे ना जीएसटी क्रमांकाचे बिल आहे, ना त्याचा पत्ता. पुरावा म्हणून आहे ते वहीचे एक पान आणि बंद पडलेला एक नंबर. तुमच्याकडे सोलर असेल आणि पाणी तापेनासे झाले, तर कोणालाही पैसे देण्यापूर्वी दुपारी बारा ते दोनच्या दरम्यान वरच्या पाइपाला दोन्ही टोकांना जपून हात लावून पाहा आणि हवेची नळी उघडी आहे ना, ते तपासा. पॅनेल तर कोणालाही भंगारात देऊ नका; त्यांतल्या तांब्यालाच मोठी किंमत येते. आमचे तेच पॅनेल आणि तीच "सडलेली" टाकी आजही पाहुण्यांना पहाटे गरम पाणी देत आहेत.