फेअरला जिनवाल्यांची स्पॉन्सरशिप घ्यावी का? गोवा आणि पुणे

हस्तकला-डिझाइनचं छोटं प्रदर्शन भरवताय आणि एखादा क्राफ्ट जिनवाला (म्हणजे जिन ही दारू छोट्या प्रमाणावर बनवणारा) पार्टनर व्हायला तयार आहे, तर हो म्हणायच्या आधी फेअर कुठे आहे ते बघा, अर्धा निर्णय तिथेच होतो.

गोव्यात असेल तर माझ्या मते घ्या. ग्रेटर दॅन, हपुसा, स्ट्रेंजर अँड सन्स या सगळ्या जिन गोव्यातच बनतात, 2017-18 च्या आसपास आल्या, माल हाताशी, बाटली महाराष्ट्रापेक्षा बरीच स्वस्त. शिवाय जिन व्हिस्कीसारखी वर्षानुवर्षं पिंपात मुरवावी लागत नाही, त्यामुळे फेअरसाठी वेगळी छोटी बॅच काढा म्हटलं तरी जमण्यासारखं असतं.

पुण्या-मुंबईत मात्र 1949 चा दारूबंदी कायदा मधे येतो. दारूची जाहिरातच चालत नाही, म्हणजे ज्या नावासाठी ते पैसे देणार ते नाव तुम्ही पोस्टरवर टाकायचं कसं? मग त्याच नावाचं सोडा वॉटर किंवा ग्लासवेअर पुढे करून पळवाट काढतात, ते मला पटत नाही. पाजायची तर एक्साइजचं लायसन्स, पिणाऱ्याचं परमिट, वय 25 पूर्ण, आणि रविवारी तर लोक पोरंबाळं घेऊन येतात. वर खादी-हातमागाचा सीझन म्हणजे 2 ऑक्टोबर, तो तर ड्राय डे!

दुसरा पर्याय म्हणजे बँकेची स्पॉन्सरशिप. बँकवाले सरळ चेक देतात, पण दाराशीच होम लोनचं टेबल टाकतात, भला मोठा फ्लेक्स लावतात आणि मागची इकतची साडी दिसेनाशी होते. तरी पुण्यात मी बँकच घेईन, टेबल कोपऱ्यात सरकवता येतं.

जिनवाले बहुतेक वेळा चेकपेक्षा बाटल्या आणि बारटेंडर द्यायला बघतात. त्याने कारागिराचं स्टॉलभाडं सुटत नाही, म्हणून त्यांना सांगा की जिन द्यायचे कप आमच्या कुंभारांकडूनच घ्या, रोख पैसे देऊन. आणि कप आतून नीट बघून घ्या बरं का. आमच्याकडे एकदा मॅट ग्लेझचे (ग्लेझ म्हणजे मातीच्या भांड्यावरचा काचेसारखा थर, मॅट म्हणजे बिनचकाकीचा) आले होते, दिसायला एकदम देखणे पण आतून खरखरीत, जिनमध्ये घालतात ते फसफसतं टॉनिक वॉटर ओतलं की भसाभस फेस वर यायचा आणि दोन मिनिटांत नुसतं कडवट पाणी. बाहेरून हवं ते करू द्या, आतून गुळगुळीत ग्लेझ मारून घ्या.