ओटीजीतले कुरकुरीत फ्राइज: नऊ महिन्यांच्या वापरानंतर

दसऱ्याला ओटीजी (ओव्हन-टोस्टर-ग्रिल) घेतला तेव्हा डोक्यात केक नव्हता, बटाटा होता. बाबांची अँजिओप्लास्टी होऊन तीन आठवडे झाले होते, डॉक्टरांनी तळलेलं बंद केलं होतं, आणि त्याच घरात माझी दहा वर्षांची लेक दर शनिवारी फ्राइज मागत होती. दोघांना एकाच ताटलीतून खाता येईल असं काहीतरी करायचं होतं. आता आषाढ संपत आलाय. आठवड्याला एक धरला तरी पस्तीसच्या वर घाणे काढून झालेत. सुरुवातीचे बरेचसे फसले, आणि ते का फसले हे कळायला मला दिवाळीपासून होळीपर्यंतचा वेळ लागला. म्हणून हे सविस्तर लिहितेय.

आधी यंत्राबद्दल. २८ लिटरचा, १६०० वॅटचा, वर-खाली रॉड आणि आत हवा फिरवणारा पंखा. साध्या ६ अँपिअरच्या सॉकेटला तो लावू नका, १६चाच हवा. आमच्याकडे ओट्याजवळ तसा सॉकेट नव्हता, वायरमनला बोलवावं लागलं. हा खर्च आधीच धरून चाला. माझी खरी तक्रार मात्र नॉबबद्दल आहे. नॉब २३०वर ठेवला की आत ठेवलेला थर्मामीटर २०५ दाखवतो. सर्व्हिस सेंटरला दोनदा फोन केल्यावर एक जण येऊन गेला, ‘ताई, एवढा फरक सगळ्यांनाच असतो’ म्हणाला. मला हे पटलेलं नाही. पैसे पूर्ण मोजले आहेत, तर आकडाही खरा हवा. पण तुम्ही कुठल्याही कंपनीचा घेतलात तरी आत टांगायचा छोटा थर्मामीटर वेगळा घ्याच. त्याच्याशिवाय पाककृतीतल्या ‘२२० अंश’ला काही अर्थ उरत नाही.

आता बटाटा.

दिवाळीच्या सुट्टीतले पहिले तीन घाणे बाहेरून काळपट तपकिरी आणि आतून लिबलिबीत झाले. मी तापमान कमी केलं, तेल वाढवलं, मग कमी केलं, कॉर्नफ्लोअर लावलं. काही फरक पडेना. चौथ्या वेळी बटाटे घेताना भाजीवाल्या मावशींना सहज म्हटलं, की बटाटे करपतात आणि गोडही लागतात. त्यांनी टोपलीतला एक बटाटा उचलून दाबून पाहिला. ‘हा कोल्ड स्टोरेजचा आहे गं, भाजीला चालतो. तळायला, भाजायला पलीकडचा तळेगाव बटाटा घेऊन जा, आत्ताच निघालाय.’ त्या दिवशीचा घाणा पहिल्यांदा सोनेरी निघाला. यंत्र तेच, तेल तेच.

मग मी वाचायला लागले. उत्तरेकडचा बटाटा फेब्रुवारी-मार्चमध्ये निघतो आणि शीतगृहांत जातो, तो आपल्याला दिवाळीपर्यंत पुरतो. खायचा बटाटा साधारण २ ते ४ अंशांत ठेवतात. एवढ्या थंडीत त्याला मोड येत नाहीत, पण त्यातल्या स्टार्चची साखर व्हायला लागते. ही साखर भट्टीच्या उष्णतेत झपाट्याने काळवंडते, आत शिजून कोरडं व्हायच्या आधीच. वेफर्सच्या कारखान्यांसाठीचा बटाटा म्हणूनच १०-१२ अंशांत ठेवतात. आणि म्हणूनच घरी बटाटा फ्रीजमध्ये ठेवायचा नाही. मी वर्षानुवर्षं ठेवत होते. शीतगृहातलाच मिळाला तर तो पंधरा-वीस दिवस टोपलीत, अंधारात, घरच्या हवेला ठेवून पाहा. साखर बरीच उतरते. मी डिसेंबरच्या सुरुवातीला तसं केलं आणि फरक डोळ्यांना दिसला.

डिसेंबर-जानेवारीचा नवा बटाटा, ज्याची साल अंगठ्याने सुटते, तोही या कामाचा नाही. त्यात पाणीच फार. रस्सा करा, उकडून मीठ-लोणी लावून खा, फ्राइज नकोत. मार्चपासून जो पक्क्या सालीचा, हाताला जड लागणारा बटाटा येतो, त्यावर माझे सगळ्यात चांगले घाणे झाले. जड की हलका हे हाताने कळत नसेल तर एका वाटी मिठात अकरा वाट्या पाणी घालून ढवळा आणि त्यात बटाटा सोडा. बुडाला तर घन, पिठूळ, फ्राइजचा. तरंगला तर रश्श्याचा. माझ्या लेकीचं हे आवडतं काम आहे, बाजारातून पिशवी आली की ती आधी घमेलं मागते.

वाण विचारून मिळतात का? आमच्याकडे नाही. सिमल्याच्या केंद्रीय बटाटा संशोधन संस्थेने १९९८मध्ये कुफरी चिप्सोना-१ आणि २ हे वाण वेफर्ससाठीच काढले, पुढे फ्राइजसाठी कुफरी फ्रायसोनाही आला. कोणी शेतकऱ्याकडून थेट घेत असेल तर ही नावं जरूर विचारा.

कृती मी आता अशी करते. पाऊण किलो बटाटे, सोलून करंगळीएवढ्या जाडीचे लांब तुकडे. दोनदा पाणी बदलून धुवायचे, पाणी नितळ दिसेपर्यंत. मग एक लिटर उकळत्या पाण्यात एक मोठा चमचा व्हिनेगर आणि मीठ घालून त्यात आठ-नऊ मिनिटं. व्हिनेगर का? चिंच-आमसूल आधी घातलं तर बटाटा शिजत नाही, हे आपल्याला आजीने सांगितलेलं असतं. तेच इथे उपयोगी पडतं. आंबटपणामुळे बटाट्याच्या पेशी धरून ठेवणारं पेक्टिन विरघळत नाही, तुकडा आत शिजतो पण मोडत नाही. सालीसकट जाड फोडी करायच्या असतील तर उलटं करते, पाण्यात पाव छोटा चमचा खाण्याचा सोडा घालते. सोड्याने वरचा थर मऊ पडतो. पाणी काढून पातेल्यातच फोडी खळखळ हलवल्या की प्रत्येक फोडीवर पिठूळ लेप बसतो, आणि भट्टीत तोच लेप वाळून खडखडीत कवच होतो. बारीक तुकड्यांना मात्र सोडा घालू नका, लगदा होतो. मी करून पाहिलंय.

पुढची पायरी सगळ्यांत कंटाळवाणी आणि सगळ्यांत महत्त्वाची. तुकडे सुती पंचावर एकेक सुटे पसरायचे आणि पंख्याखाली पंधरा मिनिटं सोडून द्यायचे. गरम तुकड्यांतून वाफ निघून जाते, पंचा ओला होतो, आणि तुकड्यांवर पांढरट, खरखरीत साय धरल्यासारखी दिसायला लागते. बोट फिरवलं तर चिकटत नाही, किंचित टोचतं. हे दिसल्याशिवाय मी तेलाची बाटली उघडत नाही. कढईत तेल चारी बाजूंनी भिडतं, पाणी पाच-सात मिनिटांत उडवून लावतं. ओव्हनमध्ये हवा असते, आणि हवा उष्णता फार हळू देते. तिथे नेलेला प्रत्येक थेंब आधी वाफ होणार, मग तुकडा भाजायला लागणार. म्हणून जेवढं पाणी बाहेरच काढता येईल तेवढं काढायचं. मला या नऊ महिन्यांत ओव्हनपेक्षा पंख्याचा उपयोग जास्त झालाय असं म्हटलं तरी चालेल.

मग दोन मोठे चमचे शेंगदाणा तेल आणि एक मोठा चमचा तांदळाची पिठी, हाताने हलकं चोळून. कॉर्नफ्लोअरपेक्षा पिठीचा कुरकुरीतपणा जास्त टिकतो, असा माझा अनुभव. ट्रे आधी आतच पंधरा मिनिटं तापू द्यायचा. तुकडे टाकताच चर्र आवाज आला पाहिजे. थर्मामीटरवर खरे २२० अंश, दोन्ही रॉड आणि पंखा चालू. वीस मिनिटांनी उलटायचे, मग आणखी पंधरा. उलटताना दार उघडलं की वाफेचा लोट तोंडावर येतो, माझा चष्मा दर वेळी धुरकटतो. ती वाफ जाऊ द्या, घाईने दार लावू नका. माझ्या ओटीजीचा मागचा डावा कोपरा जास्त तापतो, त्यामुळे ट्रेही फिरवून ठेवते.

ट्रेबद्दल दोन शब्द. सोबत आलेला चकचकीत ट्रे मी बाजूला ठेवला. काळा, जाड बुडाचा ट्रे उष्णता चांगली ओढतो आणि खालची बाजू नीट भाजून देतो. फॉइलला तुकडे चिकटले, बटर पेपरवर खालून पांढरेच राहिले. आणि तुकड्यांमध्ये बोटभर जागा हवी. माझ्या ट्रेवर अर्धा किलोच नीट मावतो. उरलेल्या पाव किलोसाठी दुसरा घाणा. दाटीवाटीने सगळे कोंबले की ते एकमेकांच्या वाफेवर उकडतात.

सोनेरी झाले की काढायचे, तपकिरी होऊ द्यायचे नाहीत. हे फक्त चवीसाठी नाही. स्टार्च असलेले पदार्थ कडक उष्णतेत भाजले-तळले की अ‍ॅक्रिलामाइड हे घातक समजलं जाणारं रसायन तयार होतं, हे स्वीडनमधल्या संशोधकांनी २००२मध्ये जाहीर केलं. रंग जितका गडद, तितकं ते जास्त. शीतगृहातल्या गोड बटाट्यात तर आणखी जास्त. बाबांसाठी करत असल्याने मला ही गोष्ट मोठी वाटते.

मसाल्यात मी खूप खेळले. पहिला धडा म्हणजे मसाला भट्टीत जायचा नाही. कोल्हापुरी कांदा-लसूण मसाला आधी चोळला तर लसूण जळून कडू होतो, तिखट काळं पडतं. मीठही नंतरच, कारण ते पाणी सोडवतं. मोठ्या परातीत गरम फ्राइज घ्यायचे आणि मसाला वरून भुरभुरवून परात उडवायची, चिवडा कालवतो तशी. मीठ मिक्सरमधून पिठासारखं बारीक केलेलं असलं की चिकटतं, जाडं मीठ तळाशी जाऊन बसतं. आमच्या घरात आता तीन प्रकार ठरले आहेत. लेकीला पेरीपेरी, मला कांदा-लसूण मसाला आणि लिंबू, आणि बाबांना मेटकूट. मेटकुटाची कल्पना त्यांचीच. गरम फ्राइजवर मेटकूट पडलं की मऊभात-तुपाचा वास येतो, आणि मीठ अगदी कमी लागतं. हे एकदा तरी करून पाहा.

आषाढी एकादशीला उपवासाचे केले. तांदळाच्या पिठीऐवजी शिंगाड्याचं पीठ, वरून सैंधव आणि भाजलेल्या जिऱ्याची पूड, सोबत दाण्याची पातळ चटणी. शिंगाड्याचं पीठ रंग लवकर धरतं, म्हणून चार मिनिटं आधी काढले. सगळ्यांत कुरकुरीत तेच झाले.

विजेचं म्हणाल तर रॉड सतत चालू धरले तरी पन्नास मिनिटांना सव्वा युनिटाच्या आसपास. प्रत्यक्षात थर्मोस्टॅट मधे मधे बंद होतो, म्हणजे त्याहून कमी. मे महिन्यात मात्र दुपारी लावू नका, स्वयंपाकघरात उभं राहवत नाही.

काय जमत नाही तेही सांगते. बाहेरच्या तळलेल्या फ्राइजची ती पातळ, काचेसारखी पापडी येत नाही. फ्रोझन पाकिटातले ओव्हनमध्ये चटकन कुरकुरीत होतात, कारण ते कारखान्यात एकदा तळलेलेच असतात. बाबांसाठी घेणार असाल तर हे लक्षात ठेवा. दहा माणसं जेवायला असतील तर हा खटाटोप करू नका, पहिला घाणा दुसऱ्याची वाट बघत मऊ पडतो. माझ्या बहिणीकडे एअर फ्रायर आहे, तो लवकर तापतो आणि दोन माणसांना उत्तम, पण आमच्या चौघांना त्यात तीन घाणे लागतात.

बाबा आता डॉक्टरांना विचारून आठवड्यातून एकदा वाटीभर खातात. उरलेच, तर दुसऱ्या दिवशी परत गरम करत नाही. चमचाभर तेलात मोहरी, हिंग, कढीलिंब, हिरवी मिरची, त्यावर हे तुकडे आणि झाकण न ठेवता मंद आचेवर दहा मिनिटं. वरून कोथिंबीर. आई करायची तशा काचऱ्या होतात, आणि बाबा पोळी हातात घेऊन कढईपाशीच येऊन उभे राहतात.