‘पाऊस आहे, समजून घ्या’ म्हणत आमचे दहा हजार तीनशे गेले

मी बेळगावात पिग्मी गोळा करते. शहापूर, वडगाव, खासबाग भागात मागावर बसणाऱ्या विणकरांच्या घरून रोजचे वीस-पन्नास रुपये घ्यायचे, पावती फाडायची, संध्याकाळी पतसंस्थेत भरायचे. लोकांना ‘कुठल्याही स्कीममध्ये पैसे घालण्याआधी मला विचारा’ असं सांगत फिरणारी बाई. तीच फसली. त्यामुळे हे लिहायला लाज वाटत होती, म्हणून दोन महिने गेले.

मुलगी दहावीला आहे. स्वप्नील कुसाळेनं 2024 ला पॅरिस ऑलिंपिकमध्ये 50 मीटर रायफल थ्री पोझिशनचं ब्राँझ मिळवलं तेव्हापासून तिच्या डोक्यात नेमबाजी बसली. तो राधानगरी तालुक्यातल्या कांबळवाडीचा, म्हणजे आमच्यापासून काही फार लांबचा नाही. नेमबाज तेजस्विनी सावंतही कोल्हापूरचीच. मग आपल्याकडून का नको, असं तिचं म्हणणं. मला पटलं होतं.

जुलैत एका ग्रुपवर पोस्टर आलं. शनिवार-रविवार रायफल नेमबाजी शिबिर, जांबोटीजवळ फार्महाऊसवर. एअर रायफल, शिवाय 50 मीटरवर पॉइंट टू टू, म्हणजे खऱ्या काडतुसाची रायफल. ‘राष्ट्रीय प्रशिक्षक’. जेवण, प्रमाणपत्र. खाली बारीक अक्षरात, हे प्रमाणपत्र अग्निवीर भरतीला आणि शस्त्र परवान्याला उपयोगी. फी 3,800 रुपये. क्यूआर स्कॅन केला तर संस्थेचं नाव यायच्या ठिकाणी कुठल्याशा मोबाईल शॉपीचं नाव आलं. फोन केला. ‘मॅडम, संस्थेचं खातं केवायसीला अडकलंय, मित्राच्या खात्यावर घेतोय, पावती देतो.’ माझ्या कामात एखाद्या गिऱ्हाइकानं हे सांगितलं असतं तर मी त्याला उभं केलं नसतं. पण लेकीचं तोंड बघून बटण दाबलं.

शुक्रवारी रात्री साडेनऊला मेसेज आला. जांबोटीत पाऊस फार, रस्त्यावर पाणी, म्हणून शिबिर शिनोळीच्या पुढं एका मंगल कार्यालयात. पाऊस आहे, समजून घ्या. कणकुंबी-जांबोटीचा पाऊस कसा असतो हे इथं कुणाला सांगायला नको, त्यामुळे संशय यायचं कारणच नव्हतं. बाचीची वेस ओलांडली की शिनोळी, तालुका चंदगड, राज्य महाराष्ट्र. या एका बदलाचा अर्थ मला नंतर कळला.

बरोबर माझे वडील आले. आप्पा मराठा लाईट इन्फंट्रीतून हवालदार म्हणून रिटायर झालेत, एका कानानं कमी ऐकू येतं, पण नजर तशीच आहे. पंधरा-वीस पोरं होती, निम्मी सैन्यभरतीची तयारी करणारी, पहाटे पळून आलेली, बुटाला चिखल. सर आले ते ट्रॅकसूटमध्ये, गळ्यात शिट्टी. हातात जत्रेत फुगे फोडायला असते तसली, नळी मोडून छर्रा घालायची एअरगन. अशा तीन होत्या. एक भिंतीला टेकवून ठेवलेली, पागोळ्यांचं पाणी तिच्यावर पडत होतं. आप्पांनी माझ्या कोपराला धरलं. ‘हा माणूस ट्रिगरवर बोट ठेवून फिरूलालाय बघ. आमच्याकडं असता तर ढुंगणावर लाथ बसली असती.’ मी त्यांना गप्प केलं. हे माझ्या मनाला अजून लागतं.

मंडपाच्या खांबांना दोरी बांधून त्यावर टार्गेटचे कागद चिमट्यांनी लावले होते. बाजू उघड्या, वाऱ्यानं झड आत येत होती. कागद भिजून फुगले. छर्रे टोकदार. नेमबाजीचा छर्रा पुढून सपाट असतो, त्यानं कागदाला गोल, कापल्यासारखं भोक पडतं, म्हणून गुण मोजता येतात. 10 मीटर एअर रायफलमध्ये दहाचा ठिपका जेमतेम अर्ध्या मिलिमीटरचा असतो, आणि छर्रा साडेचार मिलिमीटरचा, तेव्हा भोकाची कड कुठं लागली यावरच सगळं. इथं ओल्या कागदाच्या चिंध्या होत होत्या आणि सर लांबूनच ‘नऊ! वा! दहा!’ ओरडत होते. माझी मुलगी दोन दिवसांत अकरा छर्रे मारू शकली. पोस्टरवर शंभर लिहिले होते. उरलेले कुठं गेले? पाऊस आहे, डबा भिजला, समजून घ्या.

मला तेव्हा माहीत नव्हतं ते आता सांगते. 10 मीटरची एअर रायफल हा घरातला खेळ आहे. हॉलमध्ये, दिव्याखाली. त्याला पावसाचं काही घेणंदेणंच नाही. 50 मीटरलासुद्धा नेमबाज छपराखाली असतो, गोळी तेवढी उघड्यावरून जाते, आणि सरींमध्ये स्पर्धा चालू राहतात. म्हणजे ज्या पावसावर सगळं ढकललं, तो पाऊस या खेळाला आडवा येतच नव्हता. खरा शिकवणारा पहिल्या दिवशी छर्रा हातात देतच नाही म्हणे, नुसतं उभं राहणं, श्वास, रिकामी रायफल धरणं यातच दिवस जातो. आमच्याकडं पहिल्या दहा मिनिटांत ठो-ठो सुरू झालं होतं आणि पोरं खूश होती.

रविवारी दुपारी पॉइंट टू टू येणार होती. आली नाही. काडतुसं दमट झाली, असं कारण. आप्पा त्यावर मोठ्यानं हसले. ‘पावसानं काडतूस वाया जातंय तर आम्हाला नागालँडात सुट्टीच मिळाली असती की!’ सरांनी ऐकलं नसल्यासारखं केलं आणि लगेच दुसरा विषय काढला. ज्यांना पुढं जायचंय त्यांनी आजच क्लबची मेंबरशिप घ्यावी, 6,500 रुपये, त्यात तीन महिन्यांत परवाना करून देतो, पुढच्या रविवारी खऱ्या रेंजवर पॉइंट टू टू. मी भरले. का? कारण आमच्यापुढच्या दोघांनी भरले होते. ते दोघे नंतर कुणालाच सापडले नाहीत, यावरून काय समजायचं ते समजा.

त्याशिवाय आधारची झेरॉक्स, दोन फोटो आणि एका कोऱ्या फॉर्मवर सही. पैशापेक्षा याची भीती मला जास्त वाटते.

पुढचा रविवार पावसामुळं रद्द. त्याच्या पुढचाही. मग नंबर बंद.

परवान्याबद्दल नंतर एका ओळखीच्या वकिलांनी समजावलं. साडेचार मिलिमीटरची, 20 जूलच्या आतली एअर रायफल घ्यायला परवानाच लागत नाही. पॉइंट टू टू मात्र 1959 च्या शस्त्र कायद्याखाली बंदूकच आहे, ती परवाना असलेल्या क्लबच्या रेंजवर चालते, मंगल कार्यालयात नाही. परवाना जिल्हाधिकारी किंवा पोलीस आयुक्त देतात, पोलीस चौकशी होते, कुठला क्लब तो ‘करून देत’ नाही. भरतीत एनसीसीच्या प्रमाणपत्राला गुण आहेत, दोन दिवसांच्या असल्या कागदाला शून्य. त्या प्रमाणपत्रावर नोंदणी क्रमांकाच्या जागी मोबाईल नंबर होता. मी ते प्रमाणपत्र लॅमिनेट करून आणलं होतं, हेही कबूल करते.

तक्रारीची गोष्ट वेगळीच. पैसे बेळगावातून गेले, शिबिर महाराष्ट्रात झालं. इकडच्या ठाण्यात म्हणाले, घटना तिकडची. तिकडं म्हणाले, व्यवहार तुमच्याकडचा. सीमाभागात राहायची आपल्याला सवय आहे, पण या माणसानं त्या सीमेचाच आडोसा केला होता. वकिलांनी सांगितलं, झिरो एफआयआर मागा. गुन्हा कुठल्याही हद्दीत घडलेला असो, कुठल्याही ठाण्यानं नोंदवून मग योग्य ठिकाणी पाठवायचा असतो, नव्या नागरिक सुरक्षा संहितेत 173 कलमात ते आहे. शेजारच्या मास्तरांकडून तक्रार कन्नडमध्ये लिहून घेतली, न्याय संहितेतलं फसवणुकीचं 318 कलम घातलं, तेव्हा घेतली.

1930 या सायबर फसवणुकीच्या हेल्पलाइनवर मी फार उशिरा फोन केला. पहिल्याच दिवशी केला असता तर पैसे पुढच्या खात्यात सरकण्याआधी कदाचित थांबवता आले असते. मी काय करत होते, तर ‘पाऊस आहे, करेल फोन’ म्हणत वाट बघत होते. आता ग्राहक आयोगात जायचं ठरवलंय. पाच लाखांच्या आतल्या दाव्याला फी नाही आणि आपण राहतो त्या जिल्ह्यात तक्रार करता येते, म्हणजे शिनोळीचं ओझं तिथं आड येत नाही.

तर एक विनंती. जुलैतल्या त्या शिबिराला खानापूर, उचगाव, हिंडलगा, निपाणी कुठूनही गेलेले असाल तर पैसे दिल्याचा स्क्रीनशॉट, पोस्टर आणि त्याचे मेसेज पुसू नका. 1930 ची तक्रार केली असेल तर तिचा क्रमांक जपून ठेवा. एकानं सांगितलं की ‘जाऊ दे, तीन-चार हजारांसाठी कोर्टात कोण जातंय’. तो भरतीचा मुलगा आहे, पहाटे पळायला जाण्याआधी दूध टाकतो. त्याचे ते तीन-चार हजार कसे जमतात हे मला माहीत आहे, त्यातले काही माझ्याच पिग्मीच्या पुस्तकातून काढले होते.