१९१८ सालचा मृत्यू दाखला आणि त्यावर क्यूआर कोड

कोल्हापुरात किंवा आसपासच्या तालुक्यांत कुणी फोन करून "जुना मृत्यू दाखला काढून देतो, मोडीतली नोंद शोधून देतो" म्हणालं, तर पैसे द्यायच्या आधी हे वाचा. अशाच एका गृहस्थानं आमच्याकडून टप्प्याटप्प्यानं ११,५०० रुपये नेले. पैसे गेले ते गेले. पण त्यानं दिलेलं एक खोटं नाव आमच्या वंशावळीत शिरलं, भावकीच्या व्हॉट्सॲप ग्रुपवरून घरोघरी गेलं, आणि ते निस्तरणं अजून चालू आहे.

त्यानं आम्हाला गाठलं ते निधन वार्तेवरून. आत्या गेली तेव्हा रिवाजाप्रमाणे पेपरात बातमी दिली. आपल्याकडं या बातमीचा साचा ठरलेला आहे: वय, पत्ता, "त्यांच्या पश्चात दोन मुले, एक मुलगी, सुना, नातवंडे असा परिवार आहे", आणि शेवटी पंचगंगा स्मशानभूमीत रक्षाविसर्जन किती वाजता. आम्ही त्यात आत्याचं माहेर, आजोबांचं नाव, कुठला पुतण्या कुठं नोकरीला, हेही घातलं होतं. वंशावळ जमवणाऱ्याच्या हाती अशी बातमी पडली तर त्याचं निम्मं काम होतं. भामट्याच्या हाती पडली तरी तेवढंच होतं.

बाराव्याच्या आतच फोन आला. आवाज अतिशय अदबशीर. "ताई, आत्याबाईंची बातमी वाचली, वाईट वाटलं. तुमचं घराणं मूळचं भोगावती काठचं ना? तुमच्या गावचं जुनं दफ्तर माझ्या पाहण्यात आलंय." घरात वंशावळीचं खूळ माझंच, हे त्याला कुठून कळलं ते आजही सांगता येत नाही, रक्षाविसर्जनाला आलेल्या कुणाकडून तरी कळलं असणार.

मला हवी होती पणजी. पणजोबांपर्यंत पुरुषांची नावं सगळ्यांना पाठ. हेळवी दारात यायचा तेव्हा तो वही उघडून पिढ्या वाचायचा, धान्य घेऊन जायचा. तात्यांना तो अजून आठवतो. पण त्या वाचनात बायका जवळजवळ नसायच्याच. पणजीबद्दल घरात एवढंच शिल्लक: मानमोडीच्या साथीत गेली, दिवाळीच्या तोंडावर, पोर पदरात असताना. मानमोडी म्हणजे १९१८ चा इन्फ्लुएंझा. म्हणजे साल पक्कं, महिना जवळजवळ पक्का, आणि नाव मात्र कुणालाच माहीत नाही.

आता त्या माणसाची हातोटी बघा. त्यानं पहिल्या फोनवर पैसे मागितलेच नाहीत, नुसती विचारपूस केली. कुणी म्हातारं माणूस आहे का, त्यांना काय आठवतं, देवक कुठलं, कुलदैवत जोतिबा की आणखी कुठलं, सोयरिकी कुठल्या गावांत. तात्यांशी तो तासभर बोलला. तात्या म्हणाले, "लई जाणकार माणूस हाय, आपलं समदं त्याला ठावं हाय." त्याला काहीच ठावं नव्हतं. जे होतं ते तात्याच त्याला सांगत होते, आणि चार दिवसांनी तो तेच आम्हाला "दफ्तरात सापडलं" म्हणून ऐकवत होता.

मग फी सुरू झाली. शोधाची वेगळी, मोडी वाचकाची वेगळी, नकलेची वेगळी, शिक्क्याची वेगळी. मधेच एकदा "साहेबांचं काहीतरी बघावं लागतंय". साहेबांपर्यंत त्यातला एक रुपया तरी पोचला असेल असं मला वाटत नाही. साहेबांचं नाव ही त्याची दुकानाची पाटी होती. भेटायचा तो कायम कचेरीच्या आवारात, हातात कापडी बस्ता, येणाऱ्या-जाणाऱ्याला नमस्कार. आत टेबलापर्यंत जाताना मी त्याला कधी पाहिलं नाही.

शेवटी त्यानं तीन वस्तू दिल्या: मोडीतल्या एका पानाचा फोटो, "मूळ नोंदीची टंकलिखित प्रत", आणि क्यूआर कोड असलेला छापील मृत्यू दाखला. दाखल्यावर पणजीचं नाव होतं. ते नाव मी इथं लिहीत नाही. आमच्यात ते पुन्हा कुणी उच्चारू नये एवढीच इच्छा आहे.

पुण्याचा दादा इतका हरखला की त्याच रात्री त्यानं वंशावळीचा तक्ता दुरुस्त करून ग्रुपवर टाकला.

मला खटकलं ते शक आणि फसली (सारावसुलीचं जुनं साल) यांवरून. टंकलिखित प्रतीत शके १८४० आणि फसली १३१८ असं लिहिलेलं. इसवी सनातून ७८ वजा केले की शक निघतो, आणि साधारण ५९० वजा केले की फसली. १९१८ च्या दिवाळीला शके १८४० बरोबर, पण फसली १३२८ हवं. एवढ्यानं काही सिद्ध होत नाही, नकलताना एखाद्याचा आकडा चुकतो. पण पुढची ओळ होती "जिल्हा कोल्हापूर, मुंबई राज्य". १९१८ साली? तेव्हा गादीवर शाहू महाराज होते. कोल्हापूर संस्थान मुंबई राज्यात विलीन झालं १ मार्च १९४९ ला. त्याआधी इथं जिल्हा नव्हता, पेटे (तालुक्यासारखे विभाग) होते आणि जहागिऱ्या होत्या. मूळ नोंदीची प्रत असेल तर तिच्यात तीस वर्षं पुढचं राज्य येणार कसं?

मग मोडीचा फोटो घेऊन मंगळवार पेठेतल्या एका निवृत्त गुरुजींकडे गेले. त्यांनी चष्मा वर सारून पान वाचलं, परत वाचलं आणि म्हणाले, "बाई, हा सारावसुलीचा हिशेब आहे. यात बैल आहेत, जोंधळा आहे, मेलेलं कुणी नाही." पैसेही घेतले नाहीत, चहा मात्र पाजला.

दाखल्याचा तर प्रश्नच उरला नाही. त्यावर मृत्यूचं कारण "इन्फ्लुएंझा" असं छापलं होतं. जन्म-मृत्यू नोंदणीच्या १९६९ च्या कायद्यात कलम १७ आहे. त्यानुसार नोंदवहीत शोध घ्यायला कुणीही अर्ज करू शकतो, उतारा मागू शकतो; पण मृत्यूच्या उताऱ्यात मरणाचं कारण उघड करायला मनाईच आहे. क्यूआर कोड स्कॅन केला तर पान उघडलं, हिरवी बरोबरची खूणही आली, पण पत्त्याचा शेवट सरकारी नव्हता. केंद्राच्या नागरी नोंदणीचं खरं संकेतस्थळ 'जीओव्ही डॉट इन' वर संपतं. याचं कशावर तरी भलत्यावरच संपत होतं, मधे मात्र 'सीआरएस' (नागरी नोंदणीची इंग्रजी आद्याक्षरं) ही अक्षरं व्यवस्थित घुसवलेली. स्कॅन झालं की माणूस निर्धास्त होतो, यावरच तर हा धंदा चालतो.

यानंतर मी स्वतः रीतसर अर्ज केला. गावाकडच्या जुन्या जन्म-मृत्यूच्या नोंदी गाव नमुना नंबर १४ मध्ये असतात, लोक त्याला कोतवाल बुक म्हणतात. जुनी बुकं तहसीलच्या अभिलेख कक्षात ठेवलेली असतात आणि बरीचशी मोडीत आहेत. अलीकडच्या काळातलं मरण असेल तर गावात ग्रामपंचायतीकडे, शहरात महापालिकेच्या जन्म-मृत्यू विभागाकडे. (कोल्हापूरची महापालिका १९७२ ची, त्याआधी १८५४ पासून नगरपालिका होती, हे अर्जात साल घालताना ध्यानात ठेवा.) नकलेचा अर्ज, कोर्ट फी स्टॅम्प आणि ठरलेली नक्कल फी, पावतीसकट. त्या गृहस्थाच्या एका "चहापाण्यात" असे कैक अर्ज झाले असते.

उत्तर आलं: आमच्या गावचं त्या सालचं बुक उपलब्ध नाही. सहीशिक्क्यानिशी.

दादा हिरमुसला. मला मात्र तो कागद आवडला. त्या माणसाकडं "नाही" हा शब्दच नव्हता. जे मागाल ते त्याला सापडायचं. खऱ्या दफ्तरात मधली वर्षं गहाळ असतात, पानं वाळवीनं खाल्लेली असतात, पुरात भिजलेली असतात, आणि तसं ते लिहूनही देतात. नोंदणी कायद्याखालच्या नोंदींसाठी तर अनुपलब्धतेचा दाखलाच मिळतो. तुमचा मध्यस्थ प्रत्येक शोधातून काही ना काही आणतच असेल, तर त्याला एकदा जाणूनबुजून चुकीचं नाव सांगून बघा. गुरुजींनी सुचवलेली ही युक्ती मी माझ्या मावसबहिणीकडून करून घेतली. तिनं फोन करून कधीच नसलेला एक खापरपणजोबा शोधायला सांगितला. आठवड्यात सापडला. पटकीनं वारला होता म्हणे.

पुरुषांचा शोध घेत असाल तर जमिनीचे फेरफार बघा. "अमुक मयत, वारस अमुक" अशी नोंद असते आणि पुष्कळदा मृत्यूची तारीखही सापडते. मृत्यू दाखला नसलेली किती तरी माणसं फेरफारात भेटतात. पणजीचा तिथं उपयोग नाही, तिच्या नावावर जमीनच नव्हती. संस्थानी काळातल्या कागदांसाठी कोल्हापूरचं पुराभिलेखागार आहे. जुन्या पेपरांसाठी करवीर नगर वाचन मंदिरात आणि विद्यापीठाच्या खर्डेकर ग्रंथालयात चौकशी करा. पण पेपरातली निधन वार्ता जपून वापरा. पेपराची तारीख ही मृत्यूची तारीख नव्हे, "बुधवारी निधन झाले" असेल तर वार मोजून मागं जावं लागतं. वय घरच्यांनी अंदाजानं सांगितलेलं असतं. आणि बाईचं माहेर बहुतेक वेळा नसतंच. मोडी वाचणारे प्रामाणिक लोक कोल्हापुरात आहेत, त्यांनी फी घेतली तर ती त्यांच्या कष्टाची आहे. ते आधी पान बघतात आणि मग बोलतात. २०२३ पासून कुणबी नोंदींचा शोध सुरू झाल्यावर मोडी वाचकांना मागणी वाढली, आणि त्या गर्दीत न वाचणारेही घुसले.

ग्रुपवर मी सगळं खुलासेवार लिहिलं. दोघा-तिघांनी होकाराचा अंगठा टाकला, बाकीच्यांनी काहीच नाही. तोवर तक्ता छापून लॅमिनेट झाला होता, एका पुतणीनं तर शाळेच्या प्रकल्पात लावला. दादाचं म्हणणं, "राहू दे की, काहीतरी नाव तर आहे." मला ते पटत नाही. मोकळी चौकट बघून उद्या कुणीतरी शोधायला लागेल. भरलेली बघून कोण शोधणार?

मग गडहिंग्लजकडच्या एका कुटुंबाची गाठ पडली. त्यांनाही याच पद्धतीनं आजोबांच्या वडिलांची नोंद "सापडली" होती. फोटो दाखवला त्यांनी. तेच पान, तेच बैल, तोच जोंधळा.

पोलिसांत लेखी तक्रार दिली आहे. पूर्वीचं चारशे वीस आता भारतीय न्याय संहितेत कलम ३१८ झालंय, बनावट दस्तऐवजाचं कलम वेगळं. तुम्ही यूपीआयनं पैसे दिले असतील तर १९३० या क्रमांकावर लगेच फोन करा, उशीर झाला की रक्कम पुढच्या खात्यात सरकते. आमचा बराचसा व्यवहार रोखीचा होता, त्यामुळं पुरावा म्हणून हे कागदच आहेत. म्हणून विनंती आहे: तुमच्याकडं एखादं मोडीचं पान असेल, ज्याचा डावा वरचा कोपरा फाटलेला आहे आणि मधोमध शाईचा लांबट डाग आहे, तर ते टाकून देऊ नका. तुमच्या भागातल्या ठाण्यात ते घेऊन जा आणि तक्रारीत या पानाचं वर्णन नक्की लिहा. एकाच पानावर दोन घराण्यांची मयतं निघाल्याचं आम्ही दाखवलंय, तिसरं मिळालं तर केस उभी राहायला सोपं जाईल असं तपास करणाऱ्या हवालदारांनी सांगितलंय.