कलांचो पुन्हा फुलतो का? दुसऱ्या हिवाळ्यानंतरचा अनुभव

फुलला! हा कलांचो, म्हणजे जाड पानांचं, तुऱ्यातुऱ्यांनी फुलणारं कुंडीतलं छोटं झाड, यंदा चहूबाजूंनी फुलला. नर्सरीवाला म्हणाला होता, "सीझन संपला की टाकून द्या ताई, दुसरं घ्या." दीडशे रुपये दरवर्षी का घालवायचे? शिवाय हिरवंगार, धडधाकट झाड कचऱ्यात टाकायला माझा हात धजावत नाही.

झाड सगळ्यांच्या ओळखीचं आहे, त्यामुळे देखभालीचं आधी उरकते. नर्सरीतलं नुसतं कोकोपीट (नारळाच्या काथ्याचा भुसा) ओलं राहून मुळं कुजवतं. फुलं सरल्यावर ते झटकून माती, जाड वाळू आणि मूठभर शेणखतात लावलं, वाळलेले दांडे छाटले. पाणी वरची माती कोरडी झाल्यावरच. पावसाळ्यात कुंडी गॅलरीत आतल्या बाजूला. पिठ्या ढेकूण (पांढरी, कापसासारखी दिसणारी कीड) एकदाच आला, स्पिरिटच्या बोळ्याने पुसल्यावर गेला. जगण्याच्या बाबतीत या झाडाला पैकीच्या पैकी.

प्रश्न होता फुलांचा. पहिल्या हिवाळ्यात 'भरघोस फुलांसाठी' म्हणून विकलं जाणारं महागडं खत घातलं. जानेवारीत भिंतीकडच्या बाजूला तीन-चार तुरे आले आणि पॅसेजकडची बाजू नुसतीच पानांची राहिली. खत तर सगळ्या कुंडीला सारखंच मिळालं होतं. तेव्हा मी ठरवलं होतं, की हे झाड घरी लावणाऱ्यांसाठी नाहीच. आज ते मत पार बदललं आहे, आणि त्याचं कारण आमच्या मजल्यावरचा दिवा.

सोसायटीने पॅसेजमध्ये पांढरा एलईडी लावला आहे. तो संध्याकाळी लागतो आणि उजाडेपर्यंत चालू असतो. गॅलरीच्या जाळीतून त्याचा झोत थेट कुंडीवर. कलांचो मूळचा मादागास्करचा, आणि तो रात्र मोजतो. रात्र लांबली की फुलायचं, हा त्याचा हिशोब. सप्टेंबर संपता संपता आपल्याकडेही रात्र बारा तासांच्या पुढे जाते, डिसेंबरात पुण्यात तेरा तासांची होते. पण अंधार सलग हवा. मध्येच प्रकाश पडला की झाडाच्या लेखी ती रात्र मोडली. बारा महिने फुललेली रोपं विकणारे लोक पॉलिहाऊसवर काळं कापड ओढतात ते याचसाठी.

मोजायचं काम करतात पानं. जर्मनीत रिचर्ड हार्डर या वनस्पतिशास्त्रज्ञांनी याच कलांचोवर प्रयोग केले होते. एकाच पानाला लांब रात्री दिल्या तर झाडाच्या त्याच बाजूला, त्या पानाच्या सरळ वर असलेल्या भागातच फुलं येतात, असं त्यांना दिसलं. हे वाचलं आणि माझी अर्धी फुललेली कुंडी डोळ्यांसमोर आली. दिव्याकडच्या पानांना रात्र मिळालीच नव्हती!

दिव्याला टोपी बसवा, नाहीतर सेन्सर लावा, म्हणून समितीकडे अर्ज दिला. "सुरक्षेचा प्रश्न आहे" एवढंच उत्तर आलं. सेन्सरने वीजबिलही वाचलं असतं, याचं मला अजून वाईट वाटतं.

मग मिक्सरचा रिकामा खोका काढला, फटींना चिकटपट्टी लावली. दसऱ्यापासून रोज दिवेलागणीला सासूबाई देवाशी निरांजन लावायच्या, तेव्हा मी कुंडीवर खोका पालथा घालायचे. सकाळी आठला काढायचा की कुंडी उन्हात. चौदा तास अंधार, साधारण सहा आठवडे. खर्च शून्य. एक गोष्ट मात्र सांभाळावी लागते. खोका दिवसा काढायला विसरलात तर झाड उपाशी राहतं, कारण बाकीचे दहा तास त्याला भरपूर उजेड लागतो.

दिवाळी होऊन गेल्यावर शेंड्याच्या दोन पानांच्या बेचक्यात मोहरीपेक्षा बारीक हिरव्या गाठी दिसल्या. आधी नवी पालवी वाटली. मग दांडा वर सरकला, त्याला फाटे फुटले, आणि प्रत्येक फाट्यावर उभट कळ्या. टोकाला केशरी रंग डोकावला तसं खोका घालणं बंद केलं, त्यानंतर त्याची गरज नसते. पौषात सगळी कुंडी केशरी झाली होती आणि तुरे अजून टिकून आहेत. यंदा ते खत मी घातलंच नाही.

तेव्हा घ्यायचा असेल तर जरूर घ्या, बहुतेक कळ्या मिटलेल्या असतील असा निवडून घ्या. घरात मांजर किंवा कुत्रा असेल तर कुंडी उंचावर ठेवा, हे झाड त्यांना विषारी आहे. खतावर पैसे घालवण्याआधी रात्री दहाला कुंडीपाशी उभं राहून बघा, पानांवर कुठला दिवा पडतोय का.

आमच्या समितीला नवा अर्ज दिला आहे. या वेळी समोरच्या काकूंचीही सही आहे, कारण त्यांचा ख्रिसमस कॅक्टस त्याच दिव्याखाली आहे आणि त्यालाही फुलायला अशीच लांब रात्र लागते.