पांढऱ्या ट्यूबचं टोपण : चौदा महिन्यांनंतर

गेल्या रविवारी पक्कड घेऊन पांढऱ्या ग्वाशची, म्हणजे पाण्यात कालवायच्या दाट रंगाची, ट्यूब उघडायला बसले. टोपण काही फिरलं नाही, ट्यूबची मानच पिळून तुटली. निम्मा रंग माझ्या हातावर, निम्मा ओट्यावर. त्याच रागात हे लिहायला घेतलंय.

मी मागवला तो चोवीस ट्यूबचा सेट. प्रत्येकी किती मिली, कोणते रंग, हे सगळं तुम्ही विकणाऱ्याच्या पानावर वाचलं असेलच. पोस्टर कलर वापरलेल्यांना ग्वाश नवीन नाही. रंग उत्तम, झाक दाट, वाळल्यावर मखमली. पण टोपण! पांढरा हा सगळ्यात जास्त लागणारा रंग, तो दिवसाआड उघडायचा, आणि नेमकं त्याचंच टोपण चिकटतं. जांभळ्याचं टोपण कसं आज्ञाधारक, कारण जांभळा कुणी वापरतच नाही.

मी बेळगावात शहापूरला पतसंस्थेत नोकरी करते. रात्री जेवणं उरकली की टेबल माझं. गेल्या वर्षी ठरवलं होतं, एक माध्यम संपल्याशिवाय दुसऱ्यावर खर्च करायचा नाही. हा नियम दीड महिना टिकला. ग्वाशनंतर अ‍ॅक्रिलिक, मग माती, मग कसूतीचं भरतकाम आणि आता लिनो, म्हणजे कोरून ठसे छापायची लादी.

टोपणाबद्दल विकणाऱ्यांशी तीन दिवस भांडले. "पार्सल उघडतानाचा व्हिडिओ पाठवा." अहो, पार्सल उघडून चौदा महिने झाले, ट्यूब आज तुटली! "आपल्या गैरसोयीबद्दल दिलगीर आहोत" हे वाक्य चार वेळा आलं. एकशे वीस रुपयांच्या ट्यूबसाठी मी एवढी भांडले, हे घरी सांगितलेलं नाही.

इथपर्यंत आधीच लिहिलं होतं. बुधवारी खडे बाजारात सुटी पांढरी ट्यूब आणायला गेले आणि दुकानातल्या काकांना तुटलेली मान दाखवली. ते हसलेच. "मॅडम, पक्कड कशाला? चहाचं पाणी उतरवता तेव्हा त्यात दोन मिनिटं उलटी धरायची की!" घरी येऊन हिरव्यावर करून बघितलं. मिनिटभरात टोपण फिरलं.

तेव्हा वरचा राग थोडा मागे घेते. ग्वाशमध्ये रंगाची पूड धरून ठेवतो तो डिंक, बाभळीच्या जातीच्या झाडाचा. डिंकाच्या लाडवातला डिंक त्याच कुळातला. ट्यूबच्या आट्यांमध्ये रंग राहिला की डिंक वाळतो आणि टोपण चिकटवून टाकतो. पण तो पाण्यात पुन्हा विरघळतो. म्हणजे मी ज्याच्याशी पकडीने झुंजत होते, ते गरम पाण्याचं काम होतं. आता आट्या पुसून बोटभर व्हॅसलीन लावते. आणि ओट्यावर सांडलेला तो रंग? मी फेकला नव्हता, आम्ही काही फेकत नाही. सुरीने खरवडून गोळ्यांच्या रिकाम्या पाकिटाच्या खळग्यांत भरून ठेवला होता. आज ओला ब्रश फिरवला तर लागला की!

याउलट अ‍ॅक्रिलिक. त्याचं टोपण चिकटलं तर गरम पाण्याने काही होत नाही. त्यातलं पाणी उडून गेलं की प्लास्टिकचे बारीक कण एकमेकांत मिसळून पापुद्रा होतो, तो पाण्याला दाद देत नाही. कोरोनाच्या वेळचं सॅनिटायझर कपाटात पडून होतं, त्यातल्या अल्कोहोलने थोडा मऊ पडला, इतकंच. धुवायचा विसरलेला एक ब्रश त्यात कायमचा गेला. एकशे ऐंशी रुपयांचा. अ‍ॅक्रिलिकवर माझं मत तिथेच बनलं आणि ते बदलायचा माझा विचार नाही.

मातीचं आधी चुकलंच. हवेवर वाळणारी माती मागवली, पणत्या केल्या, लवकर वाळाव्यात म्हणून शेगडीजवळ ठेवल्या. सकाळी सगळ्यांना तडे. बाहेरून आधी वाळून आकसते, आत ओलीच, मग दुसरं काय होणार. उरलेली माती पाकिटात दगड झाली. बेळगावजवळच्या खानापूरला नात्यात लग्न होतं, तिथे सहज विषय काढला. खानापूर कौलांचं आणि मडक्यांचं जुनं गाव, खादी ग्रामोद्योगाची कुंभारकामाची मध्यवर्ती संस्थाही तिथेच. शेजारच्या कुंभारवाड्यातल्या मावशींनी अर्धी गोणी माती दिली, पैसे घेतले नाहीत. मी विचारलं, झाकून कशात ठेवू? म्हणाल्या, "मातीला टोपण कशाला गं? ओला गोणपाट टाक. वाळली तर कुटून भिजत घाल, परत येते. भाजली की मात्र संपलं."

तेव्हा डोक्यात उजेड पडला. कच्ची माती आणि ग्वाश परत येतात. भाजलेली माती आणि अ‍ॅक्रिलिक येत नाहीत. माझ्यासारख्या चिकट बाईने कशावर पैसे घालावेत हे मला कुणी आधी सांगितलं असतं तर!

कसूती शिकवली समोरच्या अक्कांनी, त्यांचं माहेर धारवाडचं. चार टाके : गवंती, मुरगी, नेगी, मेंथी. कापडावर काही छापायचं नाही, आखायचं नाही, धागे मोजत जायचं आणि गाठ मारायची नाही. गवंती आणि मुरगी दोन्ही बाजूंनी सारखीच दिसली पाहिजे. अक्का माझं काम हातात घेतात आणि आधी उलटी बाजू बघतात. सरळ बाजूचं कौतुक त्यांनी आजवर केलेलं नाही. एका रात्री गोपुराचं नक्षीकाम एका धाग्याने चुकलं, ते सात ओळी पुढे गेल्यावर कळलं. सगळं उसवलं, तोच दोरा पुन्हा सुईत ओवला. खर्च शून्य. डोळ्यांचा नंबर वाढला तो वेगळा.

आता लिनो. पावसाळ्यात गारव्याने तो कडक होतो, पाती घसरते, डाव्या बोटाला दोन टाके पडले. इस्त्रीची ऊब दिली की लोण्यासारखा कापतो, हे टाके पडल्यावर कळलं. पहिलाच ठसा "बेळगाव" असा कोरला, सरळ. छापल्यावर अर्थातच उलटा. मराठी आणि कन्नड दोन्ही पाट्या वाचत वाढलेल्या मला तिसरी, आरशातली लिपी काही जमेना.

हा लिनो म्हणजे काय, हे शोधताना एक गोष्ट सापडली आणि मी रात्री अकराला एकटीच हसत बसले. फ्रेडरिक वॉल्टन नावाच्या इंग्रजाने, म्हणतात, तेलरंगाच्या डब्यात वर धरलेली रबरासारखी साय पाहिली. जवसाचं तेल हवा लागून घट्ट होतं, तीच ती साय. त्याने त्यात बुचाचा भुगा वगैरे मिसळून जमिनीवर अंथरायचा लिनोलियम केला, १८६३ साली त्याचं पेटंट घेतलं. म्हणजे माझ्यासारखी बाई जी साय बघून रंगवाल्याशी भांडली असती, त्याच सायीवर मी आज रात्री झाडाची पानं कोरतेय.

विकणाऱ्यांचा काल मेसेज आला : "आपली तक्रार निवारण झाली आहे, कृपया अनुभवाला तारे द्या." निवारण काकांनी केलं, तेही फुकट. ग्वाशला चार तारे देते. एक टोपणाचा कापला, गरम पाण्याची युक्ती डब्यावर छापली असती तर तोही दिला असता.

बेळगावात लिनोचा रोलर कुठे मिळत असेल तर सांगा. सध्या कागद लाटण्याने दाबतेय, आणि सासूबाईंनी लाटणं परत मागितलंय.